‘पेशंटला तयार कसं करायचं?’ रिसर्च को-ऑर्डिनेटर होऊ पाहणाऱ्या मुलीला उत्तर

गडहिंग्लजकडच्या एका मुलीनं विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: ‘माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, दोन वर्षं वॉर्डात काम केलंय. आता कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलातून क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटरच्या जागेसाठी इंटरव्ह्यूला बोलावलंय. वडील म्हणतात, ही पेशंटवर प्रयोग करायची नोकरी, नको. काम नेमकं काय असतं? पेशंटला तयार कसं करायचं? आणि पेशंटचा ठरलेला आकडा भरला नाही तर नोकरी जाते का?’

मी सतरा वर्षं हेच काम करते. मधुमेहाच्या अभ्यासापासून सुरुवात झाली, मग दमा, हृदयरोग, थोडं कॅन्सरमध्येही. वयानं धाकटी असशील म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

वडिलांचं आधी घेऊ. ते उगीच घाबरत नाहीयेत. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस मुलींना देऊन बघण्याचा एक प्रकल्प झाला. काही मुली दगावल्या आणि २०१० मध्ये तो थांबवला गेला. सरकारी चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण संमतीचे कागद उघडले, तेव्हा वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वॉर्डननं सह्या ठोकलेल्या निघाल्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. मला त्या प्रकरणात नेहमी मधली माणसं दिसतात. लस बनवणारे लांब, तपासणारे डॉक्टर लांब. मुलीच्या घरी जाऊन आईसमोर बसायचं काम कुणाचं तरी होतं, ते झालंच नाही. तुला बोलावलंय ती जागा नेमकी ती आहे.

त्यानंतर नियम बरेच आवळले. आज नव्या औषधाची चाचणी २०१९ च्या ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमां’खाली चालते. एथिक्स कमिटीनं, म्हणजे पेशंटच्या बाजूनं अभ्यास तपासणाऱ्या समितीनं, मंजूर केल्याशिवाय एकाही पेशंटला हात लावता येत नाही. त्या कमिटीत किमान सात माणसं लागतात. अध्यक्ष हॉस्पिटलच्या बाहेरचा, निम्मे सदस्य बाहेरचे, एक कायदा जाणणारा, निदान एक बाई आणि वैद्यकाशी काही संबंध नसलेला एक साधा माणूस. हॉस्पिटलची स्वतःची कमिटी नसेल तर दुसरी घेता येते, पण ती त्याच शहरातली किंवा पन्नास किलोमीटरच्या आतली हवी. म्हणजे कोल्हापूरच्या पेशंटसाठी पुण्यात बसून शिक्का मारता येत नाही. शिवाय प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद लागते. १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे आणि एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच करावी लागते. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. वडिलांना मोबाइलवर उघडून दाखव, निम्मी भीती तिथंच जाईल. उरलेली निम्मी जाऊ नये असं माझं मत आहे. ती तुझ्याही उपयोगाची आहे.

आता काम. जाहिरातीत ‘समन्वय’ लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आत तू केसपेपर चाळत बसलेली असतेस, कुणाची तीन महिन्यांची साखर अभ्यासाच्या अटीत बसते ते बघत. मग डॉक्टरांशी बोलणं, पेशंटशी बोलणं, संमती, रक्त, ईसीजी, औषधाच्या डब्या मोजणं, परत आलेल्या गोळ्या मोजणं, फ्रिजचं तापमान दोन ते आठ अंशांत आहे ना ते लिहिणं, लाइट गेली तर जनरेटर चालू झाला का ते बघायला धावणं, नमुने पॅक करून कुरिअर गाठणं, आणि संध्याकाळी हे सगळं कॉम्प्युटरवर चढवणं. महिन्या-दीड महिन्यानं मॉनिटर, म्हणजे कंपनीतर्फे नोंदी तपासणारा माणूस, येतो. कागदावरची तारीख आणि कॉम्प्युटरवरची तारीख जुळत नसेल तर तो तुझं डोकं खातो. खाऊ दे, ते त्याचं काम आहे. यातलं बहुतेक सहा महिन्यांत हाताला बसतं आणि त्यासाठी कोर्सही मिळतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

जे कोर्समध्ये मिळत नाही ते तुझ्या दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘पेशंटला तयार कसं करायचं?’ हा ‘तयार’ शब्द मला टोचला. पहिली दोन वर्षं मीही तसंच बोलायचे, म्हणून सांगते.

आपल्याकडचा पेशंट आधीच तयार असतो. तीच अडचण आहे. डॉक्टर म्हणाले, ‘एक नवीन औषध आहे, बघूया का?’ की समोरून येतं, ‘तुम्ही म्हंतासा तसं. आमाला काय कळतंय!’ हा होकार नाही. ही डॉक्टरवरची श्रद्धा आहे आणि तिच्यावर सही घेतली तर ती कागदावर पक्की असते आणि मनात कच्ची. दोन महिन्यांनी सुनेनं विचारलं, ‘मामंजी, ह्या कसल्या गोळ्या?’ की तात्या गोळ्या खाणं बंद करतात, फोन उचलत नाहीत, आणि आपण म्हणतो ‘पेशंट सहकार्य करत नाही’.

म्हणून माझी पद्धत अशी. डॉक्टरांनी विषय काढायचा, डॉक्टरांनीच अभ्यास समजावून सांगायचा, कारण माहिती द्यायची जबाबदारी नियमानं त्यांची आहे. आपण मदतीला असतो. पण त्यानंतर डॉक्टरांना खोलीतून बाहेर पाठवायचं. कसं ते तुझं तू बघ. मी सरळ सांगते, ‘सर, तुमचे पेशंट खोळंबलेत.’ डॉक्टर गेले की पेशंटचा खांदा खाली येतो आणि खरे प्रश्न सुरू होतात. ‘पैसं किती भरायचं?’ ‘रक्त किती काढणार?’ ‘ही योजना हाय का? कार्ड लागतंय?’ हा योजनेचा घोळ फार जुना आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार मोफत, अभ्यासातही औषध मोफत, मग माणसाला दोन्ही एकच वाटणार. इथं थांबून सांगावंच लागतं: मावशी, ही योजना नाही. योजनेत तुम्हाला बरं करणं हाच उद्देश असतो. इथं औषध बरं करतं का, हेच अजून शोधायचंय. हे वाक्य तू पहिल्यांदा म्हणशील तेव्हा वाटेल, आता ही उठून जाणार. काही जणी जातात. पण थांबतात त्या शेवटपर्यंत थांबतात.

शब्दांचंही बघ. कंपनीकडून मराठी फॉर्म येतो. त्यात ‘अभ्यासात सहभागी व्हा’ असं असतं. एका आक्कानं मला विचारलं होतं, ‘आता ह्या वयात कसला अभ्यास करू बाई मी?’ ट्रायल म्हटलं तर शिंप्याकडचं ब्लाउज डोळ्यासमोर येतं. आणि ‘यादृच्छिकपणे नियुक्त’ हा शब्दप्रयोग ज्यानं लिहिला त्याला एकदा बिंदू चौकात उभं करून दहा जणांना अर्थ विचारायला लावावं. फॉर्मचा मजकूर कमिटीनं मंजूर केलेला असतो, तो आपण बदलू शकत नाही, पण तोंडी समजावताना आपली भाषा आपली असते.

त्यात एकदा मी फसले. नव्या गोळीचा गट की डमी गोळीचा गट, हे चिठ्ठीसारखं ठरतं हे सांगायला मी भिशीचं उदाहरण द्यायचे. भिशीची चिठ्ठी घरोघरी माहीत, लगेच कळायचं. तीन-चार महिने असं सांगितलं. मग एक बाई व्हिजिटला आली आणि म्हणाली, ‘माझा नंबर कवा लागणार?’ बरोबरच होतं तिचं. भिशीत आज नाही तर पुढच्या महिन्यात प्रत्येकाचा नंबर लागतोच! ती दर महिन्याला खऱ्या गोळीची वाट बघत होती. त्या सगळ्या पेशंटना पुन्हा बसवून समजावलं, तशी नोंद केली आणि डॉक्टरांना सांगितलं. तेव्हापासून फुटबॉलचा टॉस सांगते. आपल्या गावात ते न कळणारा माणूस मिळायचा नाही: नाणं एकदाच उडतं, मॅच संपेपर्यंत पुन्हा नाही. आणि नाणं काय पडलं ते डॉक्टरांनाही माहीत नसतं, मलाही नसतं. यावर मात्र कुणाचा विश्वास बसत नाही. ‘तुमास्नी ठाव असंल की!’ असं म्हणत डोळा मारतात.

माहिती सांगून झाली की ‘कळलं का?’ असं विचारू नकोस. उत्तर ‘हो’च येतं. मी विचारते, ‘आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगणार?’ मग जे बाहेर येतं ते ऐकण्यासारखं असतं. एकानं सांगितलं, ‘डॉक्टरनी अमेरिकेची गोळी दिलीया, वर्षात साखर जाणार.’ त्या दिवशी सही घेतली नाही. फॉर्म घरी न्यायला सांगितला, पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन या म्हटलं. पेशंटला फॉर्म घरी नेता येतो, विचार करायला वेळ मागता येतो. आणि सही झाल्यावर फॉर्मची एक प्रत त्याच्याकडे गेलीच पाहिजे. ती प्रत बहुतेक घरात देव्हाऱ्याच्या मागं किंवा एलआयसीच्या पॉलिसीबरोबर जाते, पण जाते.

फॉर्ममध्ये दोन रकाने आहेत ज्यांवर हमखास गाडी अडते. एक, वार्षिक उत्पन्न. ‘कमी लिवा, केशरी कार्ड जाईल.’ दुसरा, वारसाचं नाव. ‘वारस कशाला पायजे? मी मरतोय व्हय?’ असं एका मावशीनं विचारलं होतं. (आपल्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ बोलतात, मुंबईहून आलेल्या मॉनिटरला ते पहिल्या दिवशी कळत नाही.) या प्रश्नावर कितीतरी को-ऑर्डिनेटर ‘ते नुसतं फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून वेळ मारून नेतात. असं करू नकोस. ते नुसतं फॉर्मॅलिटी नाही. अभ्यासामुळं इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात आणि भरपाई द्यावी लागते. मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: मूळ रक्कम आठ लाख, तिला वयाचा आकडा आणि आजाराच्या जोखमीचा आकडा लावायचा. पासष्टीच्या पुढच्या, आधीच खूप आजारी असलेल्या माणसाला साधारण चार लाख, धडधाकट तरुणाला सत्तर लाखांच्याही वर. ही रक्कम कुणाच्या हातात द्यायची, म्हणून वारस. मी हे जसंच्या तसं सांगते. मावशी जरा गप्प झाली, मग म्हणाली, ‘मग पोराचं नको, लेकीचं लिवा.’ तिला नियम कळला होता.

अंगठा लावणाऱ्यांचं वेगळं आहे. लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोलीत हजर हवा. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी काय केलं, सगळं समजावून झाल्यावर बाहेर बसलेल्या एका नातेवाइकाला बोलावलं आणि सही घेतली. सही साक्षीदाराची, पण साक्ष कशाची? चार महिन्यांनी तपासणीत कागदावरच्या वेळा जुळवल्या गेल्या आणि ते उघडं पडलं. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. पेशंटला पुन्हा बोलावून सगळं पहिल्यापासून केलं. चूक लपवायला तारीख मागं घालायची नाही, कधीच नाही. या कामात चुका माफ होतात. मागची तारीख माफ होत नाही.

व्हिडिओ शूटिंगचं विचारशील. ते सगळ्यांना नाही. अगदी नव्या रसायनाची चाचणी असेल आणि पेशंट दुबळ्या गटातला असेल तेव्हाच. एचआयव्ही आणि कुष्ठरोगात फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग चालतं. कॅमेरा लावला की बायका पदर सारखा करून फोटोला बसल्यासारख्या ताठ बसतात आणि एकही प्रश्न विचारत नाहीत. म्हणून मी कॅमेरा लावून आधी पाच मिनिटं पावसापाण्याचं बोलते.

इथवर झालं ते संशोधकाकडून पेशंटकडे न्यायचं. कोल्हापुरातून गुळाची गाडी गुजरातेत जाते तेव्हा ड्रायव्हरला एकच चिंता असते, परतीचं भाडं मिळेल का. रिकामी गाडी आणायची म्हणजे नुकसान. आपल्या धंद्यात बहुतेक जण रिकामी गाडी आणतात. पेशंटकडून संशोधकाकडे काहीच जात नाही, आकड्यांशिवाय. माझ्या मते को-ऑर्डिनेटर चांगली की साधारण, हे तिथं ठरतं.

साधं उदाहरण. व्हिजिटला विचारलं, ‘औषधाचा काही त्रास?’ तर उत्तर ‘न्हाई’. कागदावर ‘तक्रार नाही’. पेशंट उठतो, चप्पल घालतो, दारात थांबतो आणि म्हणतो, ‘तेवढं रातच्याला पायात गोळं येत्यात. पण त्ये वयानं असंल.’ ती दारातली गोष्ट हाच खरा डेटा. त्याला परत बसवायचं. मी तर आता प्रश्नच बदललाय: ‘मागच्या वेळेपासून झोप कशी? जेवण? शेतात जाताना दम लागतो का? गावात कुणी काही पाला, काढा, पुडी दिली का?’ शेवटचा प्रश्न अगदी महत्त्वाचा. ‘दुसरं औषध घेता का?’ विचारलं तर नाही म्हणतात, कारण काढा हे औषध नव्हेच त्यांच्या लेखी. आणि पेशंटचे शब्द आधी जसेच्या तसे लिही. ‘डोसकं उठतंय’, ‘अंगात कणकण’, ‘छातीत जळल्यागत’. त्याचं वैद्यकीय नाव डॉक्टर लावतील. तूच ‘ॲसिडिटी’ लिहून मोकळी झालीस आणि ते हृदयाचं निघालं तर?

दुसरं, वेळापत्रक. अभ्यासाचा आराखडा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर आपला जिल्हा नसतो. त्यात लिहिलेलं असतं, अठ्ठाविसाव्या दिवशी, तीन दिवस मागंपुढं, सकाळी उपाशीपोटी रक्त. चंदगडच्या माणसानं काय करायचं? शंभराहून जास्त किलोमीटर, पहाटेची एसटी, आणि मधुमेहाचा म्हातारा दहा-बारा तास उपाशी. आमच्या एका पेशंटला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरता उतरता चक्कर आली. पेशंटनं जवळच्या टपरीवर साखरेचा चहा घेतला आणि बरा झाला. माझा नमुना गेला. पण त्या दिवशी मला माझ्या नमुन्याचं वाईट वाटलं आणि पेशंटचं नंतर, हे मला आठवतंय आणि ते बरं वाटत नाही. मग डॉक्टरांकडून कंपनीला लिहायला लावलं: लांबच्या पेशंटना आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च द्या. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देणं यात गैर काही नाही, पण रक्कम आणि पद्धत कमिटीकडून मंजूर करून घ्यावी लागते, आमिष वाटेल इतकी असता कामा नये. दोन महिने गेले, पण मुक्काम मिळाला.

असंच ऊसतोडीचं. गळीत हंगाम सुरू झाला की कागल, शिरोळ, हातकणंगले भागातला शेतकरी, तोडणीची टोळी आली की फडातून हलत नाही. ‘आज तोड हाय’ म्हटल्यावर जगातली कुठलीही विंडो, म्हणजे ती मागंपुढं करायची मुभा, निरर्थक. इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या कामगाराला दिवसपाळी-रातपाळी बघून तारीख द्यावी लागते. नवरात्रात नऊ दिवस उपास, रमजानमध्ये रोजे. जेवणानंतर घ्यायच्या गोळीचं काय, हे त्या महिन्याच्या आधी विचारायचं, नंतर नाही. आणि पावसाळ्यात मी व्हिजिटच्या वहीबरोबर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. इशारा पातळी एकोणचाळीस फूट, धोका पातळी त्रेचाळीस. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हायवे पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस आम्ही निम्म्या पेशंटपर्यंत पोचू शकलो नाही. कुणाच्या गोळ्या संपल्या, कुणाच्या गोळ्या घरासकट भिजल्या. तेव्हापासून जुलैत पाणी वर चढायला लागलं की नदीकाठच्या गावांतल्या पेशंटची व्हिजिट विंडोमध्ये बसेल तितकी अलीकडे ओढते. २०२१ च्या जुलैत त्याचा उपयोग झाला. हे कुठल्या हस्तपुस्तिकेत नाही आणि यायचंही नाही. ते आपणच संशोधकाला सांगायचं असतं, अभ्यास सुरू व्हायच्या आधी, जेव्हा ते विचारतात ‘तुमच्या साइटवर काही अडचण?’ आणि सगळे ‘काही नाही’ म्हणतात.

गंभीर घटनेबद्दल एवढंच लक्षात ठेव: पेशंट कुठंही, कशानंही ॲडमिट झाला तरी ते कळवायचं. डॉक्टरांनी चोवीस तासांत औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. घरच्यांना वाटतं, गोळीचा काय संबंध? आजऱ्याचा एक पेशंट मोटरसायकलवरून उसाच्या ट्रॉलीला धडकला, तिथल्याच दवाखान्यात दाखल केला, मला सहाव्या दिवशी कळलं, तेही व्हिजिटला का आला नाही म्हणून फोन केला तेव्हा. ‘अपघात झालाय ओ, आजार न्हाई’ असं मुलगा म्हणाला. पण तो पडला का? चक्कर आली होती का? साखर उतरली होती का? हे ठरवणारे आपण कोण! म्हणून आता पहिल्याच दिवशी पेशंटला नव्हे, घरातल्या बाईला माझा नंबर देते आणि म्हणते, ‘हे कुठंही ॲडमिट झाले तर डॉक्टरच्या आधी नको, पण पाहुण्यांच्या आधी मला फोन करा.’

फोनवरून आठवलं. घरात मोबाइल एक आणि तो मुलाकडं, हे आजही खूप ठिकाणी आहे. आधी विचारून ठेव, फोन कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार यांत तर ‘हॉस्पिटलातून बोलतेय’ एवढंही जड जातं. एका बाईनं मला सांगितलं होतं, ‘बचत गटाच्या मॅडम म्हणून सांगा.’ खोटं बोलायला मला जमलं नाही. शेवटी ठरलं की मी फोन करायचाच नाही, ती सोमवारी बाजाराला आली की स्वतः करेल. तिनं एकही सोमवार चुकवला नाही.

आता तुझा तिसरा प्रश्न, आकड्याचा. दडपण येतं. खोटं कशाला सांगू? चाचणी अनेक शहरांत एकाच वेळी चालते, जो आधी भरती करेल त्याचे पेशंट जास्त, आणि दर आठवड्याला मेल येतो: ‘या आठवड्यात किती?’ हॉस्पिटलला पैसेही पेशंटमागं मिळतात. तिथपर्यंत ठीक. पण तुझा पगार किंवा बक्षीस पेशंटच्या डोक्यामागं ठरत असेल तर ती नोकरी घेऊ नकोस. मला एका ठिकाणी तशी ऑफर होती, दर पेशंटमागं ठरावीक रक्कम वर. आठवडाभर विचार केला, कारण घरचा हप्ता चालू होता. मग लक्षात आलं, मी एखाद्या मावशीच्या गुडघ्याकडे बघताना रक्कम बघणार. नाही म्हटलं. दुसऱ्या कुणीतरी घेतली असणार.

‘नाही’वरून सांगायचं राहिलं. पेशंट नकार देतो तेव्हा त्याला तो सोपा गेला पाहिजे. पुढच्या ओपीडीला तो तुझ्याकडे बघून मान खाली घालत असेल तर काहीतरी चुकलंय. मी मुद्दाम त्याच्याशी जाऊन बोलते, नातवाची चौकशी करते. मधेच सोडणाऱ्याचंही तेच. कारण सांगायची सक्ती नाही, आणि नेहमीचे उपचार तसेच चालू राहतात. आणि ज्यांना आपणच घेत नाही, तपासणीत अटीत बसत नाहीत, त्यांना सांगताना जप. एका अण्णांनी विचारलं होतं, ‘माझ्यात काय खोट हाय म्हणून न्हाई घेतलं?’ त्यांना फक्त क्रिएटिनिन थोडं जास्त होतं. ते समजावून मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. अभ्यासात न येऊनही त्यांचा फायदाच झाला, पण ते आजही म्हणतात ‘मला नापास केलं’.

एक गोष्ट अजून मला जमलेली नाही. अभ्यास संपतो, फायली पेटीत जातात, आणि दोन-तीन वर्षांनी एखादे तात्या लक्ष्मीपुरीत भाजी घेताना भेटतात. ‘मग, त्या गोळीचा गुण आला का?’ माझ्याकडे उत्तर नसतं. निकाल कुठल्या तरी परदेशी मासिकात छापून आलेला असतो, नाहीतर तोही नसतो. दीड वर्ष उपाशीपोटी एसटीनं आलेल्या माणसाला ‘काय झालं’ एवढं साध्या मराठीत कळायला हवं की नको? एकाच अभ्यासात मी डॉक्टरांच्या मागं लागून एक पानाचा सारांश काढून घेतला, कमिटीला दाखवला आणि हयात असलेल्या प्रत्येक पेशंटला फोन केला. गोळी जुन्या औषधापेक्षा सरस ठरली नव्हती. मला वाटलं होतं लोक चिडतील. बहुतेकांनी विचारलं ते एवढंच, ‘मग मला कुठली व्हती?’ नवा अभ्यास सुरू होतानाच आता मी विचारते, निकाल पेशंटना कसा सांगणार? बैठकीत जरा शांतता पसरते.

इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे चाचणी नीट कशी चालवायची याच्या नियमांचं, प्रशिक्षण ते देणार का विचार. पगार हॉस्पिटल देणार की बाहेरची एजन्सी, हे विचार. एजन्सी असेल तर पेशंटमागं काही आहे का तेही. एथिक्स कमिटीची नोंदणी चालू आहे ना, हे विचारायला लाजू नकोस, तिची मुदत पाच वर्षांची असते आणि संपलेली निघते कधीकधी. शेवटी म्हण, जिथं संमती घेता ती खोली दाखवा. ओपीडीच्या पॅसेजमधलं टेबल दाखवलं तर परत ये. खोली असेल तर तिच्या दाराला आतून कडी लागते का बघ, आणि खुर्च्या मोज. तीन तरी हव्यात: पेशंटला, तुला आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला.